निळे दिवे झाले, आता बैठक घ्या

२ एप्रिलला इमारतींवर निळे दिवे लागतात, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण मंडळी, ऑटिझम असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने आईबापही त्याचे पालक उरत नाहीत. त्याच्या वतीने बँकेत सही करायची, तरी पालकत्वाचा दाखला मागतात.

हा दाखला राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते. तीन महिन्यांत किमान एक बैठक घ्या, असं कायदाच सांगतो.

माझी मागणी एवढीच: बैठकीची तारीख आधी जाहीर करा. "आमच्या माघारी याचं कोण?" या काळजीने आधीच पिचलेल्या आईबापांना आणखी हेलपाटे नकोत.

ओळखीत असं घर असेल तर ही माहिती नक्की पोचवा.