दिवा गेला, दुखणं गेलं?

नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरवाले गाडी आत नेतात आणि अर्ध्या तासात परत देतात. "काका, दिवा घालवला. सेन्सरचं काहीतरी होतं." आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर! आमच्या घरच्या गाडीचं हे तीनदा झालं.

मंडळी, दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. गाडीतला संगणक प्रत्येक बिघाडाला ठरलेला कोड देतो. उदाहरणार्थ, पी ०४२० म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. स्कॅनरने हा कोड वाचता येतो, तसाच पुसताही येतो. पण प्रगतिपुस्तकातली लाल रेघ खोडल्याने पोराला गणित येऊ लागत नाही!

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही सोय सक्तीची आहे. आपल्या नव्या गाड्यांतही ती असते. मग पैसे मोजणाऱ्या मालकाला कोड सांगायला अडचण कसली? मला एकच दिसते. कागदावर आलं की वॉरंटीची जबाबदारी अंगावर येते.

म्हणून सांगतो, कोड आणि केलेलं काम जॉब कार्डवर लिहून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. वॉरंटी संपल्यावर तोच बिघाड निघाला, तर तक्रार जुनी आहे याला तेवढाच पुरावा. तोंडी "झालं काका" कुठल्याच ग्राहक आयोगात चालत नाही.