रंगीत छपाई, परावलंबी दुरुस्ती

रंगीत लेसर प्रिंटर आता केवळ मोठ्या उद्योगांच्या कचेऱ्यांत राहिलेला नाही. शाळेचे कार्यालय, पतसंस्था, सेवा प्रकल्प, उत्सवाच्या निमंत्रणपत्रिका स्वतःच छापणारे मंडळ, अशा सर्व ठिकाणी तो पोचला आहे. यंत्र आले, त्याची ओळख मात्र आली नाही. कागद अडकू लागला वा पानावर पट्टा उमटू लागला की दूरध्वनी केला जातो; येणारा गृहस्थ झाकण उघडून आत डोकावतो आणि बहुधा एकच निदान सांगतो, 'पूर्ण युनिट बदलावे लागेल.' युनिटची किंमत ऐकून व्यवस्थापक हिशेब मांडतात आणि नवे यंत्रच मागवतात. जुने अडगळीत जाते. या व्यवहारात कोणालाच काही वावगे वाटत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

वस्तुतः या यंत्रात गूढ असे फारसे नाही. चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात या तत्त्वाने पहिली प्रतिमा उमटवली, तेव्हा त्याच्यापाशी होते काय? गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी, तिच्यावर घासण्यासाठी हातरुमाल, चिमूटभर पूड आणि मेणकागद! आजच्या प्रिंटरमध्ये पट्टीच्या जागी फिरणारा ड्रम आला, प्रकाशाच्या जागी लेसर आला आणि सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा असे चार रंग आले. ड्रमवरची टोनरची पूड बहुतेक यंत्रांत आधी एका पट्ट्यावर, मग कागदावर उतरते आणि शेवटी फ्यूझरच्या उष्णतेने व दाबाने वितळून पक्की बसते. बाकी सारे रोलर, दंतचक्रे आणि स्प्रिंगा. शिवणयंत्र वा सायकल दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिराला परका वाटावा असा हा संसार नव्हे.

एक उदाहरण घेऊ. पानावर ठरावीक अंतराने तोच ठिपका पुन्हा पुन्हा उमटतो आहे. अनभिज्ञ मनुष्य सगळेच बदलू पाहतो. जाणता मनुष्य पट्टी घेऊन दोन ठिपक्यांतील अंतर मोजतो. कारण ते अंतर म्हणजे दोषी रोलरचा परीघ असतो. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर ठिपका सुमारे ७५ मिलिमीटरवर परततो. ३० असेल तर सुमारे ९४ वर. शाळेत शिकलेल्या परिघाच्या सूत्राने गुन्हेगार सापडतो! पुढचा प्रश्न रंगाचा. दोष एकाच रंगात असेल तर त्या रंगाचे कार्ट्रिज वा ड्रम तपासावा. चारही रंगांत असेल तर पट्टा, फ्यूझर अशा सामाईक भागाकडे वळावे. आणि छपाई चालू असताना मध्येच यंत्र थांबवून कागद पाहिला, तर दोष फ्यूझरच्या आधीचा की नंतरचा, तेही कळते. छापलेले अक्षर बोटाने पुसले जात असेल तर फ्यूझर पुरेसा तापत नाही, किंवा जाड कागद घालून यंत्राला साधा कागद असल्याचे सांगितले गेले आहे.

कागद अडकण्याची तक्रार सर्वांत अधिक. कागद उचलणाऱ्या रोलरचे रबर कालांतराने गुळगुळीत होते, त्यावर कागदाची धूळ बसते. पाण्याने किंचित ओलसर केलेल्या, तंतू न सोडणाऱ्या फडक्याने तो पुसला तर अनेकदा यंत्र चालू होते; न झाले तर एकटा रोलर बदलता येतो. एका वेळी दोन-तीन कागद आत जात असतील तर कागद वेगळे करणारी गादी झिजलेली असते. कागद नसतानाही यंत्र 'कागद अडकला' म्हणत असेल, तर एखादा कपटा सेन्सरची इवलीशी दांडी दाबून बसलेला असतो. कोकणात पावसाळ्यात तर यंत्र निर्दोष आणि कागदच दमट, असाही प्रकार घडतो. काही जुन्या यंत्रांत कागद उचलण्याची आज्ञा देणाऱ्या सोलेनॉइडवरचा स्पंजाचा तुकडा चिकट होतो, पट्टी उशिरा सुटते आणि छपाईची शिस्त बिघडते. नखाएवढ्या स्पंजासाठी अख्खे यंत्र भंगारात! यास आधुनिकता म्हणावयाचे की आळस?

अर्थात हात घालण्यापूर्वी विवेक हवा. फ्यूझर दोनशे अंशांच्या आसपास तापतो. वीज बंद करून तो निवेपर्यंत थांबलेच पाहिजे. ड्रमच्या चकचकीत पृष्ठभागाला बोट लावू नये, त्यास उजेडात उघडा ठेवू नये. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, शक्यतो त्याच्या जाण्याच्या दिशेने सावकाश ओढावा. सांडलेला टोनर गरम पाण्याने धुऊ नये, तो घट्ट बसतो. घरातील साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही ओढू नये, कारण ही पूड त्याच्या गाळणीतून आरपार जाते.

दोष केवळ तंत्रज्ञाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. सुटे भाग मिळत नाहीत, सेवा-पुस्तिका बाहेर दिली जात नाही, कार्ट्रिजवरची चिप दुसऱ्याने भरलेला टोनर नाकारते. ग्राहकाने पैसे मोजले तरी वस्तूवरचा ताबा कंपनीकडेच, असा हा प्रकार. अमेरिकेसारख्या बाजारपेठेच्या माहेरघरीही यावर खटला झाला. लेक्समार्क कंपनीच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला, की कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरील पेटंटचा हक्क संपतो. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज यांचाही समावेश आहे. ही पावले स्वागतार्हच. परंतु कागदावरचा हक्क बजावणारे हात नसतील तर त्याचा उपयोग काय?

यंत्र ही देशकालनिरपेक्ष वस्तू नव्हे, ते आपल्या परिस्थितीला अनुरूप असले पाहिजे, हा विचार पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या मुंबईतील व्याख्यानांत मांडला. स्वदेशी जागरण मंचाची स्थापना १९९१ ची. इतक्या वर्षांत स्वदेशीची आपली चर्चा मुख्यतः 'कोणाचे विकत घ्यावे' याभोवतीच फिरत राहिली. विकत घेतलेले पंधरा वर्षे चालवावे कसे, हा प्रश्न तितक्याच मोलाचा आहे. विदेशी यंत्र स्वदेशी हातांनी दुरुस्त होते, तेव्हा परदेशी जाणारा पैसा थांबतो आणि गावातील एका तरुणाची चूल पेटते. पंतप्रधान विश्वकर्मा योजना २०२३ साली सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार आहेत. ते योग्यच आहे. पण कार्यालयीन यंत्रे जिवंत ठेवणारा कारागीर हाही विश्वकर्म्याचाच वंशज नव्हे काय? भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रम दिवस म्हणून साजरी करतो. त्या दिवशी अशा तरुणांचा सत्कार व्हावा.

खंडेनवमीला आपण प्रिंटरलाही झेंडूचे फूल वाहतो. (हळदकुंकू तेवढे झाकणाच्या फटीपासून दूर असावे, आतील रंग चारच पुरेत.) त्याच दिवशी ट्रे बाहेर काढून धूळ पुसावी, कोणता रोलर कोठे असतो हे कार्यालयातील दोघा-तिघा तरुणांना दाखवावे. आणि पुढचा प्रिंटर घेताना पानांचा वेग व किंमत विचारण्याआधी विक्रेत्याला विचारावे : रोलर सुटा मिळेल काय, फ्यूझर किती रुपयांना, आणि हे दोन्ही आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी कोण बसवून देईल?