रुंद चाकांचा हव्यास

जुन्या वस्तूंचा घात त्यांच्या शत्रूंपेक्षां त्यांचे भक्तच अधिक करितात. शत्रु वस्तु मोडून टाकतो, आणि ती मोडली म्हणून निदान हळहळ तरी होते. भक्त तिला आपल्या आवडीप्रमाणें कापतो, वळवितो, रंगवितो, आणि वर हें सारें प्रेमापोटीं केलें असें सांगून चारचौघांत मिरवितो. जुन्या दगडी देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्या जीर्णोद्धारकांची जात आपल्या परिचयाची आहे. त्याच जातीचे लोक इंग्लंड-अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या शौकिनांत पुष्कळ आहेत. चाकें आणि गाडीचें शरीर यांना जोडणारी दांडे व स्प्रिंगा यांची जी योजना, जिला सर्वत्र सस्पेन्शन म्हणतात, ती मागच्या बाजूस कापून अरुंद करावयाची, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत मूळच्यापेक्षां रुंद चाकें बसवावयाचीं, असा हा छंद आहे. ज्याची गाडी त्याचा छंद, असें म्हणून तो सोडून देतां येत नाहीं. कां, तें सांगण्यासाठीं हा लेख.

उदाहरणादाखल जग्वार कंपनीची ई-टाइप ही गाडी घेऊं. सन १९६१ च्या मार्च महिन्यांत जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, आणि सन १९७४ पर्यंत कॉव्हेंट्री येथें तयार होत होती. तिचें लांबट, निमुळतें रूप माल्कम सेयर या विमानविद्येंत मुरलेल्या माणसानें रेखिलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु तिची खरी करामत पाठीमागें, पत्र्याखालीं दडलेली आहे. विल्यम हेन्स, बॉब नाइट प्रभृति यंत्रज्ञांनीं मागील दोन्ही चाकें एकमेकांपासून स्वतंत्र केलीं. प्रत्येक चाकास खालून एक नळीदार दांडा धरून ठेवितो. वरच्या दांड्यासाठीं मात्र निराळा तुकडा न घालतां, चाकाला फिरविणारा आसच त्या कामीं लाविला आहे. ब्रेकच्या चकत्या चाकांत न ठेवतां मध्यभागीं डिफरन्शियलला लगटून बसविल्या. कारण चाकाबरोबर वरखालीं होणारें वजन जितकें कमी, तितकें चाक रस्त्याला धरून राहतें. हा सारा संच एका पोलादी पिंजऱ्यांत बसवून तो पिंजरा रबरी आधारांवर टांगला. कंपनीला हें तत्त्व इतकें पटलें कीं तीस वर्षांहून अधिक काळ तिनें तें आपल्या गाड्यांत चालविलें.

आतां शौकिनाची इच्छा पाहा. मूळ टायर त्याच्या नजरेला किरकोळ वाटतात. त्याला रुंद टायर हवे, आणि चाकें बाहेरून बशीसारखीं खोल दिसावयास हवीं. चाक मडगार्डाबाहेर आलें तर शोभा जाते. म्हणून तो आंतून जागा काढतो. खालचा दांडा कापून आखूड करावयाचा, आस तितकाच कापावयाचा, टोकें पुन्हां वेल्डिंगनें जोडावयाचीं, कीं झालें! मग म्हणावयाचें, "पत्र्याला हात लाविला नाहीं, रूप तसेंच राहिलें, आणि रस्त्यावरची पकड मात्र वाढली." या तीन विधानांपैकीं पहिलें खरें आहे, दुसरें अर्धें खरें आहे, आणि तिसरें, ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तें बहुधा खोटें आहे.

रुंद टायरची पकड अधिक, हें म्हणणें एका अटीवर खरें: तो टायर रस्त्यावर सपाट टेकला पाहिजे. अरुंद टायर थोडा कलला तर फारसें बिघडत नाहीं. रुंद टायर तितकाच कलला तर त्याची एक कड तेवढी भार वाहते, आणि उरलेली रुंदी शोभेपुरती राहते. म्हणजे चाक जों जों रुंद, तों तों त्याला सरळ धरून ठेवण्याची जबाबदारी मोठी. आणि आखूड दांड्याला नेमकी हीच जबाबदारी पेलत नाहीं. २० इंच लांबीच्या दांड्याचें टोक २ इंच उचललें तर तो सुमारें पावणेसहा अंशांनीं कलतो; १७ इंचांचा दांडा तेवढ्याच उचलण्यानें पावणेसात अंशांनीं कलतो. वरचा आणि खालचा असे दोन्ही दांडे मिळून चाकाचा कल ठरवितात, तेव्हां प्रत्यक्ष हिशेब इतका सोपा नाहीं. तथापि दोन्ही आखूड केले कीं चाक अधिक लहान वर्तुळावर झुलूं लागतें. हा भूमितीचा नियम कोणाही कारागिरास चुकवितां येत नाहीं.

दुसरी गोष्ट चाकांमधील अंतराची. आरंभींच्या ई-टाइपमध्यें मागील दोन चाकांच्या मध्यरेषांत ५० इंचांचें अंतर होतें. टायरची बाहेरची कड होती तेथेंच ठेवून त्याची रुंदी आंतल्या बाजूस २ इंच वाढविली, तर प्रत्येक मध्यरेषा १ इंच आंत सरकते, आणि अंतर ४८ इंच उरतें. इतर गोष्टी सारख्या असतां, वळणावर आंतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारा भार या अंतराच्या व्यस्त प्रमाणांत असतो. म्हणजे तो शेंकडा चार वाढला. पाय जवळ घेऊन उभा राहणारा मनुष्य धक्क्यानें लवकर पडतो, हें समजावयास यंत्रशास्त्र नको.

तिसरी गोष्ट स्प्रिंगांची. या गाडींत स्प्रिंगा खालच्या दांड्यावर टेकलेल्या आहेत. स्प्रिंगेच्या बाहेरच्या बाजूस दांडा कापला तर चाकाला ती अधिक ताठ लागते. आंतल्या बाजूस कापला तर अधिक नरम. आणि हा फरक लांबीच्या प्रमाणाच्या वर्गानें होतो. कोठेंही कापा, मूळचा मेळ बिघडतोच. शिवाय ब्रेक मध्यभागीं नेऊन यंत्रज्ञांनीं चाकावरचें जें ओझें उतरविलें, तें जड टायर आणि जड चाक घालून शौकीन पुन्हां चढवितो. ज्या हुषारीची तो तोंड भरून स्तुति करितो, तिच्यावर तो स्वहस्तें पाणी ओततो!

येथवरचें नुकसान गाडीचें. चौथी गोष्ट मात्र माणसांच्या जिवाशीं गांठ घालणारी आहे. साध्या गाडींत चाक फिरविणारा आस तुटला तर बहुधा गाडी थांबते. येथें तोच आस चाकाचा वरचा आधार आहे. तो सांध्याशीं तुटला तर फिरविणारी शक्ति तर जातेच, पण चाकाला उभें धरणारा हातही जातो. अशा आसाचें वेल्डिंग उत्तम कारागिरानें केलें, तपासून घेतलें, तोल साधला, तर तें टिकूं शकतें. परंतु घरच्या गॅरेजांत एका रविवारीं उरकलेल्या सांध्यावर किती भिस्त ठेवावी? आणि तो सांधा सुटेल तेव्हां त्या रस्त्यावर केवळ मालकच असेल असें नाहीं.

यावर प्रतिपक्षाचें सर्वांत बळकट उत्तर असें कीं, खुद्द कंपनीनेंच ही योजना निरनिराळ्या रुंदींत बनविली होती. हें खरें आहे. त्याच सन १९६१ मध्यें निघालेल्या मार्क टेन या मोठ्या गाडींत हेंच अंतर ५८ इंच होतें. परंतु कंपनीनें रुंदी बदलली तेव्हां तिच्याबरोबर गाडीचें शरीर, वजन, स्प्रिंगा हें सर्वच बदललें. एक माप बदलून बाकीचीं तशींच ठेवणें याला रचना म्हणत नाहींत. आणि सन १९७१ मध्यें ई-टाइपलाच रुंद टायर देण्याचा प्रसंग आला, तेव्हां कंपनीनें काय केलें? मागील चाकें सुमारें तीन इंच दूर नेलीं आणि मडगार्डाच्या कडा बाहेर फुगविल्या. रूपाला थोडी झीज लागली ती सोसली, पण चाकांचा पाया अरुंद केला नाहीं. शौकीन याच्या नेमकें उलट करितो, आणि साक्ष मात्र कंपनीची काढतो!

न्यायबुद्धीनें दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. भंगारांत निघालेल्या जग्वारचा मागील संच काढून, तो अरुंद करून, अमेरिकन हौशी लोक जुन्या फोर्ड गाड्यांना बसवीत आले आहेत. तेथें नवी वस्तु उभी राहते. तिच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न विचारतां येईल, पण तिनें अस्सलपणाचा आव आणलेला नसतो. तसेंच कोणी मूळ दांडे व आस जसेच्या तसे जपून, त्यांच्या जागीं जाणत्या यंत्रज्ञाकडून नवे आखूड भाग करवून घेतले, तर पुढचा मालक ती चूक दुरुस्त करूं शकतो. आमचा रोख त्या करवतीवर आहे, जी मूळ भागच कापते. कारण तो भाग पुन्हां लांब होत नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न अगदींच परका राहिलेला नाहीं. सन २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय केली. तींत गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, चासी, सांगाडा वा एंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. या यादींत सस्पेन्शनचें नांव नाहीं, अशी पळवाट कोणी दाखवील. परंतु 'मूळ स्वरूप' या शब्दांचा अर्थ डोळ्यांना दिसतें तेवढेंच असा घ्यावयाचा असेल, तर जुनी गाडी राखण्यापेक्षां तिचा पुतळा करून दिवाणखान्यांत ठेवणें स्वस्त पडेल.

जुन्या यंत्राचें मोल त्याच्या पत्र्यावर नसून त्यांत सांठविलेल्या विचारावर आहे. कांहीं माणसांनीं एका काळीं हातांतील साधनांनिशीं एक कठीण कोडें कसें सोडविलें, याचा तो लोखंडांत लिहिलेला ग्रंथ आहे. ग्रंथ आवडत नसेल तर दुसरा घ्यावा. रुंद चाकांच्या नव्या गाड्या बाजारांत वाटेल तितक्या मिळतात. परंतु ग्रंथ आवडतो असें म्हणावयाचें, आणि कपाटांत बसत नाहीं म्हणून त्याचीं पानें कातरावयाचीं, या रसिकतेला रसिकता म्हणावयास आम्ही तयार नाहीं.