कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे

मुंबईत अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी एक शब्द ऐकू येतो : मायनॉरिटी कोटा. महाविद्यालयांची यादी चाळताना मराठी पालक मध्येच थबकतो. एका नावापुढे ‘भाषिक अल्पसंख्याक : गुजराती’, दुसऱ्यापुढे ‘सिंधी’, तिसऱ्यापुढे ‘तमिळ’. निम्म्या जागा त्या त्या समाजाच्या मुलांसाठी. ‘अहो, हे तर आपल्यासारखेच हिंदू. हे कसले अल्पसंख्याक?’ प्रश्न प्रामाणिक आहे. त्यामागचा समज मात्र साफ चुकीचा.

अल्पसंख्याक म्हणजे मुसलमान, फार तर ख्रिस्ती, असा हा समज. तो द्वेषातूनच पसरला असेही नाही. भिडस्तपणानेही त्याला खतपाणी घातले. ‘अल्पसंख्याक समाजातील तरुण’ असे छापताना वाचक काय समजणार हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. सरकारी कागदांवर तर ‘अल्पसंख्याकबहुल क्षेत्र’ असा शब्द रुळला आहे. जिथे जे बहुल, तिथे ते अल्प कसे, हे कुणी विचारत नाही. मुसलमान म्हणायचे असेल तर मुसलमान म्हणावे. त्या नावात लपवण्यासारखे काही नाही.

राज्यघटनेचे कलम 30 शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते, तो धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्याक असलेल्या सर्वांना. शब्दाची व्याख्या मात्र घटनेत नाही. संविधान सभेत 8 डिसेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा शब्द व्यापक अर्थाने घेतल्याचे सांगितले आणि दोन उदाहरणे दिली. मद्रासकडची माणसे मुंबईत येऊन राहिली, तर ती इथे सांस्कृतिक अल्पसंख्याक. आणि महाराष्ट्रातली माणसे बंगालमध्ये जाऊन राहिली, तर तिथे तीही अल्पसंख्याक. घटनेच्या शिल्पकाराने या शब्दाचा अर्थ उलगडताना मराठी माणसालाच उदाहरण म्हणून उभे केले. मराठी वाचकाने तरी हे विसरू नये.

न्यायालयेही याच वाटेने गेली. 1971 मध्ये डीएव्ही महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या आर्यसमाजी हिंदूंना धार्मिक अल्पसंख्याक मानले. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने मोजणीचे एकक ठरवून दिले : राज्य. भाषेसाठीही तेच, धर्मासाठीही तेच.

‘सतरा कोटी लोक अल्पसंख्याक कसे?’ हा आक्षेप नेहमीचा. पण ‘अल्प’ हे बाकीच्यांच्या तुलनेत असते. 2011 च्या जनगणनेत मुसलमान सुमारे 17 कोटी, म्हणजे शंभरात 14. त्याच जनगणनेत नागालँडमध्ये ख्रिस्ती शंभरात 88. तिथे अल्पसंख्य हिंदू. केंद्राच्या यादीत सहा धर्म आहेत. पाच 1993 पासूनचे, जैन 2014 पासूनचे. पंजाबात शीख निम्म्याहून अधिक असूनही देशभराच्या यादीत ते आहेतच. ही विसंगती खरी आहे आणि ती दूर व्हायला हवी. पण यादी ही सरकारची प्रशासकीय सोय. तिच्यावरून शब्दाचा अर्थ ठरवू नये.

कोकणातले बेने इस्रायली ज्यू पाहा. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांची भाषा मराठी. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. म्हणजे भाषेने बहुसंख्याकांतला आणि धर्माने मूठभरांतला, तो एकच माणूस. अल्पसंख्याकपण हे कुणाच्या जन्माला चिकटलेले लेबल नव्हे. कुठे मोजता आणि काय मोजता, यावर ते ठरते.

कागल सोडून कर्नाटकच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला, की मराठी माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय सांगितली आणि त्यांच्यासाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे 15 टक्के असतील, तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे ठरले. निपाणीत आणि बेळगावात मराठीतून परिपत्रक मागणारा माणूस त्याच तरतुदींवर बोट ठेवतो, आणि अर्जात स्वतःला अल्पसंख्याकच म्हणवतो.