आमचे येथे बेट मिळेल

आमचे मुलुंडचे साडूभाऊ स्वीडनला जाऊन आले, याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचे चिरंजीव स्टॉकहोमला नोकरीला आहेत, आणि मुलगा परदेशी असला की आईबापांनी एकदा तरी तिकडे जाऊन त्याचं सिंक घासून यायचं, हा आता सोळा संस्कारांनंतरचा सतरावा संस्कार झाला आहे. माझी तक्रार त्यांच्या परत येण्याबद्दल आहे. जाताना ते साधे निवृत्त गृहस्थ होते. आले ते गॉटलंड नावाचं बेट मोटारीतून हिंडून आलेले गृहस्थ होऊन.

मोटारही साधीसुधी नव्हे. तिच्यात घर होतं! ते घर आणि ते बेट पाहायला आम्हाला मुलुंडला बोलावणं आलं. कांदेपोहे होतील आणि फोटो दाखवले जातील, अशी कार्यक्रमपत्रिका होती. पोहे दहा मिनिटांत संपले. फोटो चारशे बारा होते. मी मोजले, वीस वर्षं बँकेत दुसऱ्याच्या नोटा मोजल्यावर माणसाला डोळ्यांपुढून सरकणारी कुठलीही वस्तू मोजायची खोड लागते.

"हा पाहा बाक," साडूभाऊ टीव्हीच्या पडद्यावर छडी ठेवून म्हणाले. "सकाळी बाक. दुपारी मधे फळी टाकली की टेबल. रात्री फळी खाली केली की पलंग!"

ताईंनी 'बाई बाई' केलं. आमच्या सौ.नेही केलं. मी मात्र गप्प होतो. माझा जन्म घाटकोपरच्या चाळीतला, दहा बाय बाराच्या खोलीतला. तिथे आम्ही सातजण एका खाटेवर आणि खाटेखाली राहत होतो. तीच खाट दिवसा सोफा होती, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका होती आणि आत्या आल्या की पाहुण्यांची खोली होती. त्या खोलीला कुणी चार चाकं लावली असती, तर आम्हीही युरोपभर हिंडलो असतो. पण चाकं नसली की त्याला गैरसोय म्हणतात आणि असली की पर्यटन म्हणतात.

त्यापुढचा फोटो माझ्या कायमचा लक्षात राहणार आहे. मुलुंडच्या घरात ज्यांनी आजवर स्वतःची कपबशी मोरीपर्यंत नेलेली नाही, ते आमचे साडूभाऊ त्या गाडीच्या संडासाचा डबा दोन्ही हातांत धरून, तो रिकामा करायच्या ठिकाणाकडे निघाले होते. आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसत होते! ताई माझ्या कानात म्हणाल्या, "इथे आल्यावर पुन्हा कपबशी टेबलावरच."

मग निसर्ग सुरू झाला. समुद्रकाठी उभे असलेले चुनखडीचे सुळके, ज्यांना तिकडे 'रौक' म्हणतात. व्हिस्बी गावाची जुनी दगडी तटबंदी, जिच्यामुळे ते गाव १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फोरो नावाचं शेजारचं लहान बेट, जिथे सिनेमावाले इंगमार बर्गमन राहत आणि जिथे जायच्या फेरीबोटीला तिकीटच नाही, कारण ती बोट तिकडे रस्त्याचाच भाग समजतात. सगळं सुरेख होतं, हे कबूल करतो. पण तीनशेव्या फोटोला ताईंनी सुस्कारा सोडला आणि त्या म्हणाल्या, "आपल्या नशिबी कुठलं हो असलं बेट!"

इथे मी पेटलो.

"ताई," मी म्हणालो, "आपण आत्ता बेटावरच बसलो आहोत."

खोलीत शांतता पसरली. सौ.ने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि हळूच खुलासा केला, "ह्यांना हल्ली पित्ताचा त्रास होतो."

वाचकहो, पित्ताचा काही संबंध नव्हता. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी उपनगरं एका बेटावर आहेत. त्याचं नाव साष्टी. सहासष्ट गावांचं म्हणून साष्टी, असं सांगतात. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला अख्खा अरबी समुद्र. चारी बाजूंनी पाणी असलं की त्याला बेट म्हणायचं, हे आपण चौथीत पाठ केलं. पुढे इतिहासात धडा आला: १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, आणि १७७४ साली इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी गिळली. या सनावळीवर मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण ती साष्टी कुठे आहे, हे गुरुजींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या वेळी मी साष्टीतच बसलो होतो, तिसऱ्या बाकावर.

"पण आता पूल झालेत ना?" ताई म्हणाल्या. झालेत. माहीमचा कॉजवे १८४५ साली लेडी जमशेटजींच्या पैशातून झाला, त्याआधी वांद्र्याला होडीने यावं लागे. पण शिडी लावली म्हणून माळा काही जमिनीवर येत नाही. बेट बेटच राहतं. विसरलो ते आपण.

आणि विसरणार नाही तर काय? उपनगरातल्या माणसाला दोनच दिशा ठाऊक: अप आणि डाऊन. पूर्व-पश्चिम आहेत, पण त्या स्टेशनच्या. पश्चिम म्हणजे जिकडे समुद्र ती दिशा नव्हे. पश्चिम म्हणजे जिकडे भाजी स्वस्त ती बाजू. या बेटाच्या लांबीवरून मी वीस वर्षं रोज दोनदा जातो, तेही दुसऱ्याच्या काखेखालून. त्याला वळसा मात्र एकदाही घातला नव्हता. गॉटलंड साष्टीच्या चार-पाच पट मोठं आहे आणि तिथे माणसं आहेत साठ हजारांच्या आसपास. एवढी माणसं आमच्याकडे सकाळच्या जलद गाडीसाठी फलाटावर नुसती सरावाला उभी असतात.

"येत्या रविवारी," मी साडूभाऊंना सांगितलं, "तुम्हाला आमचं बेट दाखवतो. गाडीतून. वळसा घालून."

आपल्या सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे, म्हणजे चाकांवरच्या बिऱ्हाडाला राजमान्यता आहे. पण तसली गाडी भाड्याने घेण्याइतकी माझी ऐपत नाही. शेवटी केटरिंग करणाऱ्या शेजाऱ्यांची व्हॅन मिळाली. तिला बटाटेवड्यांचा कायमचा वास होता आणि मागे दोन मोठी पातेली होती, जी उतरवायची नाहीत या अटीवर गाडी मिळाली होती. पातेल्यांवर फळी टाकली की बाक होत होता. साडूभाऊंना मी तो करून दाखवला.

नियम एकच ठरवला: जिथे पाण्याला हात लागेल, तिथे एक गुण.

पहाटे बोरिवलीहून निघालो. दहिसरला नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झालेला आहे, त्यामुळे रांगेत फुकट उभं राहता आलं. काशीमिऱ्याहून घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. खरं सांगतो, पुढे गायमुखाजवळ खाडी दिसली तेव्हा साडूभाऊसुद्धा गप्प झाले. उजवीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, डावीकडे रुंद, संथ पाणी, पलीकडे धुक्यात डोंगरांची रेघ. फक्त ते पाहायला मान वळवली की समोर कंटेनर येत होता. पाणी काठावरून पाहिलं. गुण शून्य.

तिथून ठाण्यापर्यंत खाडी गेली ती इमारतींच्या मागे. मात्र तिची चित्रं रस्त्याच्या कडेला ठायी ठायी लावलेली होती. खिडकीतून खाडी दिसणाऱ्या फ्लॅटचा भाव निराळा असतो, हे मला ठाऊक आहे. गृहकर्जाचे अर्ज माझ्याच टेबलावरून जातात. खिडकीबाहेरच्या पाण्यासाठी लोक वीस वीस वर्षं हप्ते भरतात. ज्या पाण्यात त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी फुकट जाळी टाकली, ते आता चक्रवाढीने दिसतं.

पूर्व द्रुतगती मार्गावर मुलुंड आलं. साडूभाऊ इथे तीस वर्षं राहतात. त्यांच्या घरापासून ठाण्याची खाडी दोन-अडीच किलोमीटरवर असेल. तिथे अग्निपंख येतात, हजारोंनी. २०१५ साली त्या खाडीचं अभयारण्य झालं आणि २०२२ साली तिला रामसर यादीत जागा मिळाली, म्हणजे जगाने तिची दखल घेतली. मुलुंडने घ्यायची आहे. साडूभाऊंना मुलुंडच्या त्या दिशेची एकच खूण माहीत होती: डंपिंग ग्राउंड. ते २०१८ साली बंद झालं, पण आठवणीत अजून वास मारतं. आमच्या उपनगरात अग्निपंख पाहायचे झाले तर पत्ता सांगतात भांडुपच्या पंपिंग स्टेशनचा. व्हिस्बीच्या पाट्यांवर बाण असतात, कुठल्या बाजूला काय सुंदर आहे ते सांगणारे. आमच्याकडे सौंदर्याची वाट सांडपाण्याच्या खात्यामार्फत जाते.

भांडुप, विक्रोळी, घाटकोपर. मिठागरं दिसली, कांदळवनाची हिरवी रेघ दिसली, पाणी नाही. माहीमच्या खाडीवर पाणी दिसलं, पण हात लावायची इच्छा झाली नाही. म्हणजे ठाण्यापासून माहीमपर्यंत बेटाच्या अख्ख्या पूर्व बाजूचा निकाल: भोपळा.

अंधेरीला मी मुद्दाम गिल्बर्ट टेकडीकडे गाडी घेतली. इमारतींच्या गर्दीत सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा कातळ सरळ उभा, बेसॉल्टच्या उभ्या खांबांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जगात असले खडक मोजके. तुमचे रौक वयाने वडील असतील, चाळीस कोटी वर्षांहूनही जुन्या प्रवाळाचे असतील, मी त्यांना नमस्कार करतो. पण त्यांच्या अंगावर कुणी कपडे वाळत घालण्याइतक्या जवळ खिडक्या बांधलेल्या नाहीत. साडूभाऊंनी गॉटलंडला रौकचे साठ फोटो काढले होते. इथे एक निघाला, तोही मागे सरकायला जागा नसल्यामुळे अर्धाच.

जुहूला एक गुण. वर्सोव्याला गाडी लावून मढच्या होडीत बसलो, पाण्यात हात घातला, दोन गुण. होडीत आमच्याबरोबर एक स्कूटर, मासळीच्या चार पाट्या आणि एक नवरदेव होता. पैलतीर पाच मिनिटांवर. रस्त्याने जायचं तर मालाडवरून वीसेक किलोमीटर. ही बोट आमच्याकडे कोण रस्त्याचा भाग समजतो, हे मी विचारणार होतो. पण साडूभाऊ वर्सोव्याची वाळू पाहत होते. २०१५ पासून अफरोज शाह नावाचे वकील आणि त्यांच्याबरोबर लोक रविवारी रविवारी तिथला कचरा उचलत राहिले, आणि २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली, हे मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मार्व्याला तिसरा गुण मिळाला. रात्री बोरिवलीला पोचलो तेव्हा शंभरच्या आतबाहेर किलोमीटर झाले होते. एवढं मोठं बेट, आणि पाण्याला हात लागला तीन ठिकाणी. तिन्ही पश्चिमेला.

आता साडूभाऊंची बाजूही सांगितली पाहिजे. चहा पिताना ते म्हणाले, "गाडीचं कौतुक मी उगीच जास्त केलं. गाडी कुठेही उभी करता येत नाही, तिला तिथेही नियम आहेत. पण पायांना नाहीत." तिकडे एक हक्क आहे, अलेमान्सरेत्तेन, म्हणजे सर्वांचा हक्क. रान कुणाच्याही मालकीचं असो, त्यातून कुणीही चालत जावं, बोरं खावीत, घरापासून लांब एक रात्र तंबूत झोपावं. पीक तुडवू नये, कचरा टाकू नये. १९९४ पासून तो त्यांच्या राज्यघटनेत आहे. आणि पाण्याच्या काठापासून शंभर मीटरपर्यंत सर्वसाधारणपणे बांधायचंच नाही.

मी आठवडाभर त्यांच्या गाडीशी भांडत होतो. भांडण भलत्याच वस्तूशी चाललं होतं. किनारा नियमनाची अधिसूचना आपल्याकडेही १९९१ सालापासून आहे, पुढे ती बदलत गेली. काठावर काय बांधायचं, किती बांधायचं, याबद्दल तिच्यात भरपूर आहे, आणि त्यावर वकिलांची घरं चालतात. पण बोरिवलीच्या कारकुनाने संध्याकाळी चप्पल घालून पाण्यापर्यंत जायचं झालं, तर वाट कुठून, हे कुणी सांगत नाही. कांदळवनात माणसाने घुसू नये, हे मला पटतं. चिखल त्यांचा, खेकडे त्यांचे. पण त्याच्या कडेने एक पाऊलवाट, भरती बघायला एक बाक, एवढंच मी मागतो. सकाळी बाक, रात्री पलंग अशी कसरतही त्याने करायला नको.

उलट, आता वर्सोव्यापासून भाईंदरकडे किनाऱ्याने मोठा रस्ता न्यायची योजना आहे, आणि तिच्या वाटेत कांदळवन येतं. म्हणजे आमच्या किनाऱ्यावरून शेवटी गाड्या जातील. भरधाव जातील. त्यांतून समुद्र दिसेलही. पण बघायला थांबलात तर मागचा हॉर्न वाजवील.

पंधरा दिवसांनी साडूभाऊंचा फोन आला. ते एकटेच रविवारी सकाळी घोडबंदर रस्त्यावर गेले होते, पायी खाडी गाठायला. एका मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावर त्यांना अडवलं. सुरक्षारक्षकाने वही पुढे केली. त्यांनी नाव लिहिलं. 'कोणाकडे' या रकान्यात 'खाडी' लिहिलं. 'काम' या रकान्यात 'वैयक्तिक'.

रक्षकाने ते नीट वाचलं आणि अतिशय अदबीने विचारलं, "साहेब, कितवा मजला? त्यांना ॲपवर मंजुरी द्यायला सांगा."