शेताचें पाणी आणि खाडीचें पाणी

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरी पडून गेल्या कीं कोंकणांतील खाड्यांचें पाणी तांबडें होतें. ही आमच्या वरकस जमिनींची व खाचरांची माती. तिच्यासंगतीं दुसरें काय वाहत जातें तें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि सरकारच्या कायद्यांसहि तें फारसें दिसलेलें नाहीं.

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालीं झाला. किनारा-नियमनाची अधिसूचना १९९१ सालीं निघाली; ती २०११ व २०१९ सालीं नव्यानें काढण्यांत आली. या सर्वांचा रोख मुख्यत्वें कारखान्यांच्या मोऱ्यांवर व शहरांच्या गटारांवर आहे, आणि तो योग्यच आहे. मोरीस तोंड असतें, तेथें नमुना घेतां येतो, मालकास जाब विचारतां येतो. शेताचें पाणी मात्र हजार बांधांवरून सांडतें. त्यांतील कोणतें कोणाचें, हें कोण सांगणार? अमेरिकेसहि हाच पेंच पडला. तेथील १९७२ च्या कायद्यानें मोऱ्यांवर परवान्याचा अंमल बसविला, शेतावरचें पाणी त्याबाहेर राहिलें. पुढें चेसापीक उपसागरासाठीं २०१० सालीं नत्र व स्फुरद यांच्या मर्यादा ठरवून २०२५ ची मुदत घातली. ती साधली नाहीं, आणि मोठी तूट शेतीच्याच वाट्याची निघाली.

आम्ही शेतकरी या दोषांतून मोकळे आहों, असें आम्हांस म्हणवत नाहीं. कोंकणांत वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांतच. खाचरांतील उभ्या पाण्यावर युरिया फेंकला आणि त्याच रात्रीं झड लागली, तर त्याचा बराच वांटा बांध ओलांडून पऱ्ह्यास व तेथून खाडीस मिळतो. नत्र फार झालें कीं शेवाळ माजतें. तें मरून कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु खर्चीं पडतो. तिसऱ्या व कालवें काढून पोट भरणाऱ्या बायामाणसांचें त्यांत नुकसान. आमचेंहि आहेच, कारण वाहून गेलेलें खत आमच्याच पैशाचें.

सरकारचें एक धोरण येथें दुसऱ्यास छेद देतें. २०१० पासून स्फुरद व पालाश खतांच्या किंमती बऱ्याच अंशीं मोकळ्या सोडल्या, युरियाची तेवढी बांधून ठेवली. पंचेचाळीस किलोची गोणी २७० रुपयांच्या आंत मिळूं लागल्यावर हात सैल सुटला तर नवल नाहीं. २०१५ पासून युरियास निंबोळी तेलाचें आवरण देतात. त्यानें नत्राचें रूपांतर मंदावतें खरें. परंतु पाण्यांत विरघळून बांधावरून सांडलेल्या युरियास तें काय आवरणार?

उपाय दूर शोधावयास नको. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलावणींत चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलांत दाबतात, व गिरिपुष्पाचा पाला शेतांत घालतात. खत मुळाशीं राहतें, पाण्यावर येत नाहीं. अडचण मजुराची आहे. लावणीच्या ऐन घाईंत गोळी दाबावयास माणूस मिळत नाहीं, आणि गोळ्या जवळच्या दुकानीं वेळेवर असतीलच असें नाहीं. दोन मुठी युरिया फेंकणें सोपें. आम्हीहि तेंच करीत आलों.

२०२३ च्या केंद्राच्या योजनेप्रमाणें राज्यानें रासायनिक खताचा वापर घटविला, तर वांचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग त्यास परत मिळावयाचा आहे. आमची मागणी अशी, कीं किनाऱ्याच्या जिल्ह्यांत हा पैसा गोळी दाबण्याच्या मजुरीस, गांवोगांव गोळ्यांच्या यंत्रांस व पऱ्ह्याच्या कांठीं झाडझाडोऱ्याचा पट्टा राखणाऱ्या खातेदारास द्यावा. बांधावर दंड बसविण्याची भाषा त्याआधीं कोणीं करूं नये. तो दंड ज्याच्याजवळ मोजकीं दहा गुंठे आहेत त्यासच भरावा लागेल. पुढील लावणी जून-जुलईंत आहे. गोळ्या मे महिन्यांत गांवीं पोंचल्या तरच उपयोग.