वीज भरायची कुणाच्या दारात?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचे नाव काढले की कुणाला सिनेमा आठवतो, कुणाला संगणकवाले. शेतकऱ्याला मात्र बदाम, द्राक्षे आणि टोमॅटो आठवावेत. राज्याच्या पोटात सॅन वाकीन नावाचे लांबलचक खोरे आहे. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये सपाट मळे. त्यामुळे धूर आणि धूळ परातीत पीठ बसावे तशी बसून राहते. तिथल्या लेकरांना दम्याचा त्रास फार. म्हणजे धूर न सोडणाऱ्या मोटारीची निकड मोठी ती इथेच. आणि ती उशिरा पोहोचते तीही इथेच.

राज्य सरकारने मात्र कंबर कसलेली आहे. २०३५ पासून निव्वळ पेट्रोलवर चालणारी नवी मोटार विकायची नाही, असा नियम त्याने २०२२ मध्ये केला. जून २०२५ मध्ये दिल्लीसारख्या त्यांच्या वॉशिंग्टनने त्यावर बोळा फिरवला, तर राज्य कोर्टात गेले. सरकारा-सरकारांतले हे भांडण. ते चालू राहील. गिऱ्हाईक मात्र थांबलेले नव्हते. २०२४ मध्ये तिथे विकलेल्या दर चार नव्या मोटारींत सुमारे एक विजेवर चालणारी होती.

आता या मोटारींना वीज कुठे भरायची? मार्च २०२५ मध्ये राज्याने अभिमानाने जाहीर केले की पेट्रोल भरायच्या नळ्या आहेत सुमारे १,२०,०००, आणि सार्वजनिक किंवा सामायिक वापराच्या चार्जिंगच्या जागा १,७८,००० हून अधिक. ऐकायला छान. पण पेट्रोलची नळी पाच मिनिटांत मोकळी होते, आणि त्या पावणेदोन लाखांतल्या झटपट वीज भरणाऱ्या जागा जेमतेम १७,००० होत्या. बाकीच्या ठिकाणी मोटार काही तास उभी करावी लागते. दावणीला बांधलेले जनावर रवंथ करते तशी!

म्हणून खरी सोय घरची. स्वतःचे घर, स्वतःचे अंगण असले की रात्री तार जोडायची आणि सकाळी गाडी तयार. तीच वीज बाहेर घ्यायची तर बहुधा महाग पडते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने तार कुठून सोडायची? गाडी रस्त्यावर, मीटर मालकाचे. गरिबाला महाग तेच वाट्याला येते, हे तिकडेही खरे आहे.

(घरच्या विजेलाही वेळ पाहावी लागते बरे का. सप्टेंबर २०२२ च्या उन्हाळी लाटेत दुपारी चार ते रात्री नऊ गाड्या चार्ज करू नका, अशी विनंती लोकांना करावी लागली. आपल्या मोटारपंपवाल्याला हे ऐकून हसू येईल.)

याच खोऱ्यात कोलिंगाजवळ हॅरिस रँच म्हणून गुरांचा प्रचंड गोठा आणि हॉटेल आहे. हमरस्त्यावर टेस्ला कंपनीने तिथे नव्वदाहून अधिक गाड्या एकाच वेळी वीज भरतील असे ठाणे उभारले. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को जाणारे मोटारवाले तिथे जेवतात, गाडीला जेवू घालतात आणि निघून जातात.

तिथून थोड्याच मैलांवर हुरोन गाव आहे. वस्ती सहा-सात हजार, बहुतेक शेतमजूर, लेट्यूसच्या भाजीची काढणी करणारे. मोठा दवाखाना गाठायचा तर फ्रेझ्नो शहर, सुमारे ५० मैल. गाडी नसलेल्याला शेजाऱ्यापाजाऱ्याला पेट्रोलचे पैसे देऊन जावे लागे. अशा गाडीवाल्यांना तिथे ‘रायतेरो’ म्हणतात. तेव्हा गावचे महापौर असलेले रे लिओन यांनी ही जुनी रीत मोडली नाही, फक्त गाडी बदलली. २०१८ मध्ये त्यांच्या संस्थेने ‘ग्रीन रायतेरोस’ सुरू केले. विजेच्या गाड्या संस्थेच्या, चालवणारे गावचेच, आणि वीज भरायची सोय गावातच. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया दवाखान्यात जाऊन परत येतात. त्यांपैकी कुणालाही विजेची मोटार विकत घ्यावी लागलेली नाही.